घड्याळ म्हणतं फिट, टीएमटी म्हणते नॉर्मल. मग तरी अटॅक का येतो?

पहाटे साडेपाचला बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटात चक्कर मारलीत तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, भरतीची तयारी करणारे पोट्टे आणि पोरी. दुसरे, पन्नाशी ओलांडलेले काका, डॉक्टरांनी ‘चाला’ सांगितलंय म्हणून आलेले. खाली उतरताना गप्पा, वर चढताना सगळे गप्प. आणि वर पोचल्यावर दोघांचंही पहिलं काम एकच असतं: मनगट वळवून घड्याळातला आकडा बघायचा.

घरी येऊन फोन उघडला की दुसरंच सुरू होतं. जिममध्ये कोसळलेला तरुण, क्रिकेट खेळताना खाली बसलेला बॅट्समन, लग्नात नाचता नाचता पडलेला माणूस. अशा रील एकामागून एक येतात, कारण एक बघितली की अल्गोरिदम पुढच्या दहा दाखवतो. खाली कमेंटमध्ये भांडणं: लस, प्रोटीन पावडर, मोबाईलचं रेडिएशन, काय वाट्टेल ते. मध्येच कुणीतरी शहाणपणाने लिहितं, ‘भावांनो, एकदा टीएमटी करून घ्या.’ आणि चार रील खाली सरकलं की फुल बॉडी चेकअपची जाहिरात हजर, टीएमटीसकट.

टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी. प्रश्न साधा आहे: घड्याळ किंवा टीएमटी आपल्याला अटॅक येणार का, हे आधी सांगू शकतात का? उत्तर मात्र, टेस्ट कोण करून घेतोय यावर ठरतं. घाटातल्या त्या काकांसाठी टीएमटी कामाची असू शकते. त्यांच्या शेजारून पळणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरासाठी बहुतेक वेळा नाही. मशीन तेच, डॉक्टर तेच, तरी असं का, ते समजून घेऊ.

पट्ट्यावर नेमकं काय होतं

आपण शांत बसलेलो असताना हृदयाला फार काम नसतं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बरीच अरुंद झाली असली तरी तेवढ्यावर भागतं. ईसीजी नॉर्मल येतो, माणूस म्हणतो मला काही नाही. अडचण दिसते ती मागणी वाढल्यावर. उन्हाळ्यात गावाच्या पाइपलाइनचं असतं तसंच हे: एकाच घराने नळ सोडला तर पाणी येतं, सगळ्या गल्लीने सोडले की शेवटच्या घराला थेंब नाही.

म्हणून हृदयाला मुद्दाम कामाला लावायचं आणि ते चालू असताना ईसीजी बघत राहायचं. ही कल्पना जुनी आहे. १९२९ मध्ये आर्थर मास्टर या अमेरिकन डॉक्टरने रुग्णांना दोन पायऱ्या चढ-उतर करायला लावून नाडी आणि ब्लड प्रेशर मोजायला सुरुवात केली. आज जवळपास सगळीकडे वापरतात ती पद्धत सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांची, १९६० च्या दशकातली. ब्रूस प्रोटोकॉलमध्ये दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. आकडे वाचून सोपं वाटतं. तिसऱ्या टप्प्याला भल्याभल्यांची बोलती बंद होते.

छातीवर आणि अंगावर मिळून दहा इलेक्ट्रोड चिकटवतात, त्यातून बारा बाजूंनी ईसीजी दिसतो. थोड्या थोड्या वेळाने ब्लड प्रेशर बघतात. छातीत दुखायला लागलं, प्रेशर वाढण्याऐवजी खाली आलं, ठोके विचित्र झाले किंवा ईसीजीतला एसटी नावाचा भाग ठरावीक पद्धतीने १ मिलिमीटर किंवा जास्त खाली गेला, तर डॉक्टर सावध होतात, गरज पडली तर टेस्ट तिथेच थांबवतात. थांबल्यावरही काही मिनिटं रेकॉर्डिंग चालू राहतं, कारण काहींचे बदल विश्रांती घेतानाच दिसतात. खोलीत शॉक द्यायचं मशीन आणि तातडीची औषधं हवीतच. टेस्ट सुरक्षित आहे, जीव जाण्याचा धोका साधारण दहा हजारांत एक इतका कमी मानतात. पण तो शून्य नाही, म्हणून डॉक्टर हजर नसताना कुणी पट्ट्यावर चढवत असेल तर सरळ नाही म्हणा.

एक गंमत लक्षात ठेवा. टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे वाईट बातमी आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे बरी. घरच्या ग्रुपवर ‘बाबांची टेस्ट पॉझिटिव्ह’ लिहिल्यावर अंगठे आणि अभिनंदनाचे फुगे येतात, ते याच घोळामुळे.

रिपोर्टमध्ये आणखी एक शब्द असतो, मेट. शांत बसल्यावर शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं तो १ मेट, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलीटर. ब्रूसचा पहिला टप्पा साडेचार मेटच्या आसपास, दुसरा ७, तिसरा १०. राजूर घाटाचा चढ ६ टक्के धरला आणि तुम्ही ताशी ५ किलोमीटरने चाललात, तर हिशेब येतो ६ मेटच्या जवळ. म्हणजे घाटात रोज चालणारे काका ब्रूसच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधली टेस्ट रोज देतायत, फक्त वायरी न लावता.

एकच टेस्ट, दोन माणसं, दोन अर्थ

आता मुख्य मुद्दा. थोडं गणित आहे, पण फोनवरच्या कॅल्क्युलेटरने होईल इतकंच.

टीएमटीवरच्या बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून जो अंदाज निघालाय तो असा: ज्यांच्या नळ्या खरोखर अरुंद आहेत अशा १०० जणांपैकी सुमारे ६८ जणांना टेस्ट पकडते. आणि ज्यांच्या नळ्या ठीक आहेत अशा १०० पैकी सुमारे ७७ जणांना बरोबर ‘ठीक’ म्हणते. उरलेल्या २३ जणांना उगाच घाबरवते.

पहिला गट घ्या. भरतीची तयारी करणारे १००० तरुण, वय बावीस, काहीच त्रास नाही. समजा त्यांच्यातल्या ५ जणांच्या नळ्या अरुंद आहेत. (हा आकडा गणितासाठी धरलाय, खरा आणखी कमी असू शकतो.) त्या ५ पैकी साधारण ३ पकडले जातील. उरलेल्या ९९५ निरोगी पोरांपैकी २३ टक्के, म्हणजे जवळजवळ २२९ जणांची टेस्टही पॉझिटिव्ह येईल. एकूण २३२ पॉझिटिव्ह, खरे फक्त ३. बाकी २२९ जणांच्या घरी आठवडाभर चूल नीट पेटणार नाही. कुणी अँजिओग्राफीसाठी मोठ्या शहरात जाईल, कुणी भरतीच सोडून देईल.

दुसरा गट. १००० पुरुष, वय पंचावन्न, चढावर छाती दाबल्यासारखी होते आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत कमी होते. असा त्रास असणाऱ्यांत आजाराची शक्यता बरीच जास्त, समजा ७००. त्यातले ४७६ पकडले जातील. ३०० निरोगींपैकी ६९ चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५४५ पॉझिटिव्हपैकी ४७६ खरे, शेकडा ८७. इथे पॉझिटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवायलाच हवा.

पण याच गटातले निगेटिव्ह बघा. एकूण ४५५ जणांची टेस्ट ‘नॉर्मल’ आली, त्यातले २२४ आजारी आहेत. जवळजवळ निम्मे! म्हणजे ज्या माणसाला चढावर छातीत ठरावीक त्रास होतो, त्याची टीएमटी नॉर्मल आली म्हणून ‘चला, सुटलो’ म्हणणं म्हणजे नाणं उडवून ठरवण्यासारखं आहे.

मशीन बदललं नाही, टक्केवारीही तीच. बदलली ती टेस्टच्या आधीची शक्यता. डॉक्टर आधी वय विचारतात, साखर, बिडी-तंबाखू, वडिलांना कधी अटॅक आला, दुखतं कुठे, थांबल्यावर थांबतं का, हे सगळं विचारतात. तो वेळकाढूपणा नसतो, टेस्टचा निम्मा भाग तिथेच होतो. पॅकेजवाली टीएमटी नेमकं हेच वगळते. पैसे भरा, पळा, पीडीएफ घ्या.

बायकांच्या बाबतीत चुकीचे पॉझिटिव्ह आणखी जास्त येतात, हेही सांगायला हवं. आणि कापूस वेचून गुडघे गेलेल्या मावशी पट्ट्यावर पुरेसं चालूच शकत नाहीत. हृदयाचे ठोके पुरेसे वाढले नाहीत तर रिपोर्ट नॉर्मल नसतो, तो अर्धवट असतो. त्यांच्यासाठी औषध देऊन ठोके वाढवून केलेली सोनोग्राफी, म्हणजे डोब्युटामिन स्ट्रेस इको, किंवा सीटी अँजिओग्राफी हे पर्याय असतात.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तर २०१० मध्येच सांगितलं की आधी निदान न झालेल्या माणसाला हृदयाचा आजार आहे की नाही हे ठरवायला ट्रेडमिल ईसीजी वापरू नका. पुढे तिथे सीटी अँजिओग्राफी पहिल्या नंबरवर आली. स्कॉटलंडच्या ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासात ५ वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण नेहमीच्या तपासण्यांच्या गटात ३.९ टक्के होतं, सीटी केलेल्यांत २.३ टक्के. फरक मशीनचा कमी, सीटीत आजार दिसल्यामुळे योग्य गोळ्या वेळेत सुरू झाल्याचा जास्त, असं त्यावरून बहुतेक मानतात.

मग टीएमटी भंगारात काढायची? माझं मत, अजिबात नाही. आजार ओळखण्यात ती मध्यम आहे, पण माणसाचं पुढे काय होणार हे सांगण्यात चांगली आहे. ‘ड्यूक स्कोअर’ नावाचा सोपा हिशेब आहे: पट्ट्यावर काढलेली मिनिटं, वजा ५ गुणिले एसटीतला बदल मिलिमीटरमध्ये, वजा ४ गुणिले दुखण्याचा गुण (दुखलं नाही तर ०, दुखलं तर १, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर २). एखाद्याने ९ मिनिटं काढली, बदल नाही, दुखलं नाही: स्कोअर ९, म्हणजे कमी धोका. दुसऱ्याने ४ मिनिटं काढली, २ मिलिमीटर बदल, दुखून थांबला: ४ वजा १० वजा ८, उणे १४, जास्त धोका. मूळ अभ्यासात कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक चार वर्षांनी जिवंत होते, जास्त धोक्याच्या गटातले ७९ टक्के. रिपोर्टवर फक्त ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर किती मिनिटं, किती मेट, का थांबवली, हे तीन प्रश्न विचारा. २००२ मध्ये अमेरिकेत ६,२१३ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात दर १ मेट जास्त क्षमतेमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. काकांचं घाटात चालणं वाया जात नाहीये.

नॉर्मल रिपोर्टनंतर अटॅक

टिम रसर्ट हे अमेरिकेतले नावाजलेले टीव्ही पत्रकार. २९ एप्रिल २००८ ला त्यांची स्ट्रेस टेस्ट चांगली झाली. १३ जूनला ऑफिसमध्ये काम करतानाच कोसळले आणि गेले. वय ५८. तेव्हापासून हा प्रश्न जगभर विचारला जातोय: टेस्ट चुकली का?

टेस्ट चुकलीच असं नाही. टीएमटीला दिसतं ते कायमचं अरुंदपण, साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढचं. पण बरेच अटॅक येतात ते ४०-५० टक्के अरुंद असलेल्या जागेत. तिथे चरबीचा थर असतो, त्याच्यावरची पातळ साल एके दिवशी फाटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत नळी बंद. आदल्या दिवशी तिथून रक्त व्यवस्थित वाहत होतं, म्हणून आदल्या दिवशीची टेस्ट नॉर्मलच येणार. टीएमटी हा त्या दिवसाचा स्क्रीनशॉट आहे, गॅरंटी कार्ड नाही. तंबाखू, साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल यांचं काम रिपोर्टनंतरही चालूच राहतं.

आपल्याकडे हे लवकर सुरू होतं, हे पण खरं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकी देशांत ५९ च्या आसपास. म्हणजे तुम्ही कॉलेजात असताना वडील त्या वयात येतात.

मग घड्याळाचं काय

घड्याळाच्या पाठीवर हिरवा लाईट असतो. तो कातडीत जातो, प्रत्येक ठोक्याबरोबर तिथलं रक्त थोडं वाढतं-कमी होतं, परत येणारा उजेडही तसा बदलतो. त्या बदलांवरून ठोके मोजतात. म्हणजे घड्याळाला मनगटातली नाडी कळते, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतंय का हे कळत नाही. टीएमटीत डॉक्टर ज्या एसटी भागाकडे डोळे लावून बसतात, तो हिरव्या लाईटला दिसणं शक्यच नाही. पळताना पट्टा सैल असेल तर ठोकेसुद्धा चुकतात. काही स्वस्त घड्याळं तर केळ्याला गुंडाळली तरी नाडी दाखवतात. करून बघा, घरात हसायला विषय होईल.

महागड्या घड्याळांत बोट लावून ईसीजी काढता येतो. अॅपलच्या घड्याळाला अमेरिकेत २०१८ मध्ये त्यासाठी परवानगी मिळाली. पण तो एकाच बाजूचा ईसीजी असतो. ठोके अनियमित आहेत का, हे तो बऱ्यापैकी सांगतो आणि ते उपयोगाचं आहे. अटॅक मात्र ओळखत नाही, आणि हे खुद्द कंपनीच तिच्या सूचनांमध्ये लिहिते. ‘सायनस रिदम’ असं हिरव्या अक्षरांत आलं म्हणून छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणं, ही या घड्याळाची सगळ्यात धोकादायक बाजू आहे.

‘तुमची मॅक्स हार्ट रेट १९८’ हा आकडा कुठून येतो? २२० वजा वय. १९७० च्या दशकात मांडलेला ढोबळ अंदाज तो. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीसेक ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे घड्याळाने लाल झोन दाखवला म्हणून घाबरू नका आणि नाही दाखवला म्हणून निर्धास्तही होऊ नका. वडील प्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील तर ती ठोके मुद्दाम कमी ठेवते, त्यांच्या घड्याळातले झोन तर सरळ विसरा.

घड्याळ कशासाठी चांगलं? ओळीने महिनोन्‌महिने एकच गोष्ट बघण्यासाठी. त्याच घाटाला, त्याच वेगाने, मागच्या महिन्यात ठोके १३५ होते आणि या महिन्यात १५५, शिवाय दम लागतोय, तर काहीतरी बदललंय. हे डॉक्टरांना दाखवा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा असा आलेख कधीही कामाचा.

ग्राउंड मारणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी परीक्षा असते, त्यात मुलांना १६०० मीटर पळायचं असतं. साडेपाच मिनिटांत संपवायचं तर वेग पडतो ताशी साडेसतरा किलोमीटर, हिशेबाने १७ मेटच्या वर. म्हणजे हा पोरगा जे रोज मैदानावर करतो ते ब्रूसच्या चौथ्या टप्प्यापेक्षाही कडक आहे. त्याला टीएमटीवर चढवून नळ्या बघण्यात फारसा अर्थ नाही.

पण धोका आहेच, तो वेगळ्या जागी. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावताना आणि नंतर दहाहून जास्त उमेदवार दगावले. त्याच वर्षी आपल्याकडेही भरतीच्या मैदानावर मृत्यू झाले. अशा वेळी कारणं मिसळलेली असतात: उकाडा, पाणी न पिणं, रात्रभर प्रवास करून सकाळी ग्राउंड, उत्तेजक पावडरी-गोळ्या, आणि काहींत जन्मापासूनचा लपलेला हृदयदोष. मे महिन्यात घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे, सकाळी नऊनंतर पळणं म्हणजे स्वतःहून संकट बोलावणं.

लपलेले दोष म्हणजे हृदयाचा स्नायू जाड असणं, विजेचं वायरिंग बिघडलेलं असणं, नळी चुकीच्या जागेवरून निघालेली असणं. यातले बरेचसे टीएमटीत नाही, साध्या ईसीजीत आणि इकोत सापडतात. काही मोजके मात्र फक्त पळतानाच उघड होतात, तिथे हृदयरोगतज्ज्ञ मुद्दाम टीएमटी सांगतात. कुणाला तपासायचं हे ओळखायला मशीन लागत नाही. पळता पळता (पळून झाल्यावर नव्हे) कधी शुद्ध गेली का? पळताना छातीत दाब येतो का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल, तर ग्राउंड थांबवा आणि आधी डॉक्टर गाठा. अकादमीच्या सरांना सांगायला लाजू नका. सर ‘कमजोर’ म्हणतील ही भीती खरी आहे, मला ती कळते. पण एक भरती हुकली तर पुढची येते.

आणि रीलमधल्या त्या भांडणाबद्दल. आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या, आधी धडधाकट असलेल्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ मधले ७२९ मृत्यू आणि तुलनेला २,९१६ जिवंत माणसं. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी ॲडमिट झालेल्यांत, घरात असा अचानक मृत्यू झालेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरपूर दारू प्यायलेल्यांत, आणि त्याच ४८ तासांत खूप जोराचा व्यायाम केलेल्यांत. शेवटचा मुद्दा कापून ‘व्यायामाने मरण’ असे व्हिडिओ निघाले. तो अर्थ चुकीचा आहे. रात्री ढाब्यावर बसून सकाळी पहिल्यांदाच जोर लावणारा आणि सहा महिने हळूहळू वाढवत नेणारा, यांना एका तराजूत घालू नका.

घाटावरून अकोल्यापर्यंत

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीएमटी ही ठरवून, वेळ घेऊन करायची तपासणी आहे. बसल्या जागी छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जातेय, अशा माणसाला टीएमटी करायचीच नसते, तशा अवस्थेत पळवणं धोक्याचं. त्याला हवा साधा बारा बाजूंचा ईसीजी, दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत. तरीही ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पाजून, ‘सोमवारी टीएमटी करू’ म्हणणारी घरं तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहेत.

बुलढाण्याहून अकोला शंभरेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या आसपास. लोणार किंवा संग्रामपूरच्या एखाद्या गावातून निघायचं तर हिशेब आणखी वेगळा. बंद नळी फुग्याने उघडायची, म्हणजे अँजिओप्लास्टी, ती ईसीजीत अटॅक दिसल्यापासून १२० मिनिटांत होणार असेल तर उत्तम. होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच आधी द्यायचं आणि मग पुढे न्यायचं, असा जगभरचा नियम आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांसाठी हा दुसराच रस्ता लागू पडतो. ‘इथे काही करू नका, थेट मोठ्या दवाखान्यात नेतो’ या हट्टात हृदयाचा स्नायू मरत राहतो.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा होतं. आनंदाची गोष्ट, पण फीत कापली म्हणून दुसऱ्या दिवशी कॅथलॅब आणि चोवीस तास हृदयरोगतज्ज्ञ उभे राहत नाहीत, त्याला वर्षं लागतात. तोवर मधली दरी तंत्रज्ञानच भरू शकतं. राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प सुरू केला. त्यात लहान सरकारी रुग्णालयात काढलेला ईसीजी इंटरनेटवरून वर जातो, सॉफ्टवेअर तो आधी वाचतं, दूर बसलेले तज्ज्ञ खात्री करतात आणि काही मिनिटांत उत्तर परत येतं. यात बेंगळुरूच्या ट्रायकॉग या कंपनीचं तंत्रज्ञान वापरलं. एआयने खरोखर कुणाचा जीव वाचवायचा असेल तर तो असा, तालुक्याच्या दवाखान्यात, रात्री दोन वाजता. सेल्फीवरून हार्ट रेट सांगणाऱ्या अॅपमधून नाही. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी चोवीस तास निघतो का, तो कुणाला पाठवतात, इंजेक्शन तिथे ठेवलेलं असतं का, हे आजच एकदा जाऊन विचारा. बातमीसाठी नाही, घरासाठी.

जिथे अशी सोय नाही तिथे डॉक्टर ईसीजीचा फोटो काढून ओळखीच्या तज्ज्ञांना व्हॉट्सॲप करतात. तुमच्या हाती ते काम आलं तर कागद सपाट ठेवा, फ्लॅश बंद, सावली नको, बाराही बाजू आणि कडेला छापलेला वेग (बहुधा २५ मिमी/सेकंद) फ्रेममध्ये येऊ द्या, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दाबून बारीक होत नाही. फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

कुणी डोळ्यांसमोर कोसळलं, हाक मारून उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मध्यभागी दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. त्या वेळात व्हिडिओ काढायला दुसरे पुष्कळ जण असतात.

आणि आज संध्याकाळी एवढं एक करा. वडिलांचा तब्येत बरी असतानाचा जुना ईसीजी घरात कुठेतरी पिशवीत असेल, तो शोधून त्याचा स्वच्छ फोटो काढा. नसेल तर पुढच्या वेळी दवाखान्यात एक काढून घ्या. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं शेजारी मांडून दुसरा फोटो. दोन्ही एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. ड्युटीवरच्या डॉक्टरला नवा ईसीजी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच: हे आधीपासून असंच होतं की आत्ता झालंय?